वहिनी काय म्हणतात?

"आणि आज," भोंगा म्हणाले, "आपल्या खुर्चीवाल्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत!" टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तोही टाळ्या वाजवत होता. हात दोन-तीनदा एकमेकांवर आपटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खुर्चीवाले म्हणजे आपणच. मग टाळ्या थांबवायच्या की नाही हे त्याला ठरवता येईना. सगळे मागे वळून त्याच्याकडे बघत होते. तो उठला, उठताना खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, आणि रांगांच्या मधून वाट काढत तो पुढे गेला. अध्यक्षांनी त्याच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. गुच्छाचा पारदर्शक कागद कडक होता, जरा हललं की चुरचुरायचा, आणि फोटो काढून होईपर्यंत तो चुरचुरतच राहिला. आपल्याला काय वाटतंय हे त्याने आत डोकावून पाहिलं. आत काही सापडलं नाही. "वहिनींना नाही आणलंत?" कोणीतरी विचारलं. "घरी आहे," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. ती या वेळी घरीच असणार. फक्त ते घर त्याचं नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी एका बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये क्लबची सभा भरायची. दुकानदार, एक-दोन डॉक्टर, एक वकील, काही निवृत्त माणसं. रक्तदानाचं शिबिर, शाळेला पंखे, रस्त्याकडेची झाडं असली कामं व्हायची, त्यांचे फोटो निघायचे, आणि चहाबरोबर बिस्किटं मिळायची. भोंगा म्हणजे शाळेतले निवृत्त खेळशिक्षक. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारण्यात जन्म गेल्यामुळे त्यांना माईक लागत नसे, म्हणून क्लबातल्या बातम्या सांगण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं: कोणाची मुलगी पास झाली, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, कोणी नवी गाडी घेतली. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते स्वतःच फोनवर "भोंगा बोलतोय" असं म्हणायचे. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळा घ्यायला गेलेल्या माणसाला ते भिंत कशी असावी यावर भाषण देत. आणि तो स्वतः अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला नुकसान किती ते सांगायचा. क्लबात त्याच्याकडे रुग्णांच्या सामानाचं काम होतं. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, वरखाली होणारे पलंग; ज्याला गरज असेल त्याने न्यावं, काम झालं की परत आणावं. म्हणून खुर्चीवाले. "आमच्या क्लबात आपणहून खुर्ची सोडणारा हा एकच माणूस," अध्यक्ष प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत आणि स्वतःच सगळ्यात आधी हसत.

त्या दिवशी ते हसले नाहीत, हे त्याला नंतर आठवलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "रविवारी हॉस्पिटलच्या फाटकाशेजारी आपली नवी खोली सुरू होतेय. आता सामान दुकानामागच्या गोदामात धूळ खात पडायला नको. फीत कापायला मोठा माणूस बोलवा असं काहीजण म्हणत होते. मी म्हटलं, काही गरज नाही. ज्या दोघांनी हे काम सुरू केलं, त्यांनीच कापायची. पंचविशीचं जोडपं! वहिनींना घेऊन यायचं. हुकूम आहे असं समजा." पुन्हा टाळ्या. "हो," तो म्हणाला. हो म्हणणं त्याला आयुष्यभर सोपं गेलं होतं. हो म्हटलं की समोरचा माणूस पुढचं विचारत नाही.

घरी आल्यावर गुच्छ कुठे ठेवावा हे कळेना. फुलं ठेवायचं काचेचं भांडं घरात होतं, पण ते कुठल्या कपाटात असतं हे तिला माहीत होतं. शेवटी त्याने न्हाणीघरातल्या बादलीत दोन तांबे पाणी ओतून त्यात गुच्छ उभा केला. कागद काढायचं राहिलंच. कॉटवर बसून बूट काढताना त्याला वाटलं, आज काहीतरी वाटायला हवं. पंचवीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. लग्नाच्या दिवसातलं काय आठवतं म्हणून त्याने आठवून पाहिलं, तर नव्या बुटाने टाच सोलवटली होती तेवढंच आठवलं. आणि ती हळूच म्हणाली होती, "कोणाकडून चप्पल मागून देऊ का?" तो नको म्हणाला होता. तसाच लंगडत हसत राहिला होता. ती गेली तोही दिवस त्याला असाच तुकड्याने आठवायचा. बाल्कनीत बसून तो एका वॉकरच्या पायाला रबराचं बूच बसवत होता. बूच घट्ट होतं, साबण लावूनही आत सरकेना. ती दारात येऊन उभी राहिली. "अहो, मी आजपासून दुकानावरच्या खोलीत राहायला जातेय. थोडं सामान कालच नेलं." ते दुकान त्याला माहीत होतं, कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं अशी कामं ती तिथे काही वर्षं करत होती. त्याने वर पाहिलं. तिच्या खांद्याला नेहमीचीच पिशवी होती. "जेवून जाणार का?" त्याने विचारलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, बघण्यात राग नव्हता, जणू एखाद्या दुकानाची पाटी वाचावी तसं ती त्याला वाचत होती. मग "नाही" म्हणाली आणि गेली. जिन्यावरचा पावलांचा आवाज थांबला आणि त्याच वेळी बूच टपकन आत बसलं. त्याला बरं वाटलं. बूच बसल्याचं बरं वाटलं. त्याच्या धंद्यात पत्र्यावरचा पोचा पाहिला की धक्का कुठल्या बाजूने बसला, गाडी चालत होती की उभी होती, सगळं सांगता यायचं. तिच्या त्या वाक्याकडे त्याने दोन महिने सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं, आणि धक्का कुठून बसला हे काही त्याला सांगता येत नव्हतं.

"वहिनी काय म्हणतात?" हा प्रश्न त्याला सगळीकडे भेटायचा. सभेच्या जिन्यात, पेट्रोलच्या रांगेत, अध्यक्षांच्या दुकानात स्क्रू निवडताना. माणसं नमस्काराऐवजी हेच विचारतात, त्यात विशेष काही नसतं. "मजेत," तो म्हणायचा. कधी "लेकीकडे गेलीय," कधी "जरा कणकण होती, पण बरी आहे आता." एकदा तर तिने घरी नवे पडदे शिवल्याचंही त्याने सांगून टाकलं, आणि सांगताना ते पडदे त्याच्या डोळ्यांसमोर स्पष्ट आले, निळसर, खाली रुंद पट्टी असलेले. खोटं बोलायला त्रास पडेल असं त्याला वाटलं होतं. काहीच पडला नाही. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिला सगळं माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन यायचा. "बाबा, आईला फोन केलास?" "करतो." "काय करतो? दर वेळी करतो म्हणतोस." "अगं, करतो." मग ती हवापाणी विचारायची आणि तो हवापाणी सांगायचा.

शुक्रवारी एका गॅरेजात त्याला एक लाल गाडी पाहायची होती. पुढचा भाग आत गेलेला, डावा दिवा फुटलेला, काचेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. गाडीची मालकीण शेजारी उभी राहून सांगत होती, की गाडी तीच चालवत होती, शेजारी बहीण बसली होती, बहिणीला खरं तर यायचंच नव्हतं, हिनेच चल चल म्हणून आग्रह केला. तो बॉनेटचा कोन मोजत होता. "तुम्ही ऐकताय ना?" बाईंनी एकदम विचारलं. "हो," तो म्हणाला आणि दिव्याचा फोटो काढला. बाई गप्प झाल्या. गॅरेजातून बाहेर पडून स्कूटरला किल्ली लावल्यावर त्याला जाणवलं, की बहिणीचं पुढे काय झालं हे आपण विचारलं नाही. परत जाऊन विचारावं असं क्षणभर वाटलं. पण मोजमाप झालं होतं, परत जायला कारण नव्हतं.

ती असती तर तिने पहिलं तेच विचारलं असतं. रुग्णांच्या सामानाचं काम मुळात तिचंच होतं. त्याच्या सासूबाई शेवटचं वर्षभर त्यांच्याकडे अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्यावर पलंग, चाकांची खुर्ची, पाठीखाली घालायची हवेची गादी, सगळं घरात पडून राहिलं. "हे विकायचं नाही," ती म्हणाली होती. "कोणाच्या तरी उपयोगी पडू दे." त्याने क्लबात सांगितलं, अध्यक्षांनी गोदामाचा कोपरा दिला, आणि बघता बघता सामान वाढलं. सुरुवातीची वर्षं दोघं जोडीने जायची. ती दाराशी स्टुलावर बसायची. कोणी सामान परत आणलं की ती आधी विचारायची, "कसे आहेत आता?" मग ते माणूस उभ्या उभ्या सांगायला लागायचं, मग बसायचं, कधी रडायचं, कधी भलतंच काहीतरी आठवून हसायचं, अर्धा-पाऊण तास सहज जायचा. तो तेवढ्यात ब्रेक तपासायचा, चाकांत गुंतलेले केस आणि दोरे चिमट्याने ओढून काढायचा. त्याला तिचं ते विचारणं अवघड वाटायचं. खुर्ची दोनच कारणांनी परत येते. एक कारण चांगलं असतं, एक वाईट. विचारून त्यात काय बदलणार? पुढे दुकानाचं काम वाढलं तसं तिचं येणं थांबलं. मग माणसं यायची, खुर्ची टेकवायची, त्याच्याकडे बघून जरा घुटमळायची आणि जायची. काम झटपट होऊ लागलं. वार्षिक सभेत त्याने तसं सांगितलंही होतं, आणि टाळ्या पडल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी तो दुकानात गेला. आणखी कुठलाच इलाज नव्हता. उद्या फीत होती. ती एकटीच होती. गळ्यात मापाची टेप, मनगटाला टाचण्यांची गादी, आणि टेबलावर कोणाचा तरी जाड कोट आतून उसवून पालथा टाकलेला. दोन टाचण्या तिच्या ओठांत होत्या. त्या काढून ती म्हणाली, "तू आलास?" त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्यामागून दुसरं कोणीतरी आत आलंय असं त्याला वाटलं. मागे कोणी नव्हतं. पंचवीस वर्षांत तिने त्याला एकदाही तू म्हटलं नव्हतं. भांडतानाही अहोच, अहो तुमचं हे, अहो तुमचं ते. आता तो 'तू' तिच्या तोंडून अगदी सहज आला होता, जणू इथल्या खोलीत तिने त्याचा सराव केला होता. "बस ना," ती म्हणाली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर तो बसला.

"क्लबात गुच्छ दिला. गुरुवारी."

"आणला नाहीस?"

"कोमेजला."

"हं," ती म्हणाली.

तो 'हं' खरं तर त्याच्या सवयीचा होता. तिच्या तोंडून ऐकताना तो फार आखूड वाटला. त्याने घसा खाकरून सगळं एका दमात सांगून टाकलं, नवी खोली, फीत, दोघांच्या हातून कापायचं ठरलंय ते.

"कोणी ठरवलं?"

"अध्यक्षांनी."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

ती हसली. मग कोटाच्या अस्तरात हात घालून शिवण चाचपू लागली. तो म्हणाला, "तासाभराचाच प्रश्न आहे. नुसतं उभं राहायचं. लोकांना काही माहीत नाही, चारचौघांत उगाच शोभा कशाला?"

तिचा हात अस्तरात थांबला. "लोकांना माहीत नाही? अहो..." जुनी सवय निसटली तशी ती थांबली आणि तिने वाक्य पुन्हा सुरू केलं. "अरे, सगळ्यांना माहीत आहे. हा कोट कोणाचा आहे? अध्यक्षांच्या बायकोचा. मी इथे आले त्याच आठवड्यात त्या वर येऊन चहा पिऊन गेल्या. तुमचे भोंगे सर तर दर पंधरा दिवसांनी एक पँट घेऊन येतात. एवढ्या पँटी असतील का रे त्यांच्याकडे? आणि इतक्या हळू विचारतात, काही लागतं का म्हणून, की मला दोनदा 'काय?' म्हणावं लागतं."

"हळू?"

"हळू. मलाही नवल वाटलं."

तो कोटाच्या बटणाकडे बघत होता. बटणं काळी होती, मधोमध चार भोकं. त्याच्या डोळ्यांपुढून गुरुवारचे सगळे चेहरे गेले, मागे वळलेले, टाळ्या वाजवणारे. त्या सगळ्या चेहऱ्यांना माहीत होतं. पडद्यांचं सांगितलं तेव्हा वकील म्हणाले होते, "वा, निळा रंग छान दिसतो." त्यांनाही माहीत होतं. "मग मला विचारतात कशाला?" तो म्हणाला. "दर वेळी, वहिनी काय म्हणतात, वहिनी काय म्हणतात."

"तू सांगावंस म्हणून."

"सरळ विचारायचं."

"तुला? तुला सरळ काही विचारायला जागा असते का?" हे तिने चिडून म्हटलं नाही. बाही कितीने कमी करायची हे सांगावं तसं ती बोलत होती. "मी तपासणी करून आले होते, गाठीची. साधी निघाली. जेवताना तुला सांगितलं. आठवतं?"

"आठवतं."

"काय म्हणालास?"

"बरं झालं, म्हणालो."

"एकटी गेली होतीस का, एवढंच विचारलं असतंस तरी चाललं असतं."

त्याला आठवत होतं. बरं झालं म्हणून तो ताटावरून उठला होता. बेसिनचा नळ ठिबकत होता. त्याने तो बंद केला, तरी ठिबकला, मग पाना आणून आवळला, आणखी आवळला, आतला वायसर फाटून पाण्याची चिळकांडी अंगावर उडेपर्यंत तो आवळत राहिला होता. ती स्वयंपाकघरातून "आता या वेळी कशाला नळ?" असं म्हणाली होती. हे तिला आता सांगावं असं त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं. पण नळाची गोष्ट गाठीच्या गोष्टीला कशी जोडायची हे त्याला समजेना, आणि तेवढ्यात एक माणूस पँट आखूड करून घ्यायला आला. तिने त्याला आरशासमोर उभं केलं, गुडघ्यावर बसून घोट्याशी खडूची खूण केली, "बुटावर टेकू दे की वर हवी?" विचारलं. तो माणूस जाईपर्यंत तोंड पुन्हा मिटलं होतं.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली. "खोली बघायला येईन कधीतरी. खिडकी आहे का?"

"आहे."

"परत करायला येतात त्यांना बसायला काहीतरी ठेव. स्टूल नको, पाठ असलेलं."

रविवारी खोलीत ताज्या रंगाचा वास होता. खुर्च्या घडी करून भिंतीशी उभ्या होत्या, वॉकर एकात एक अडकवलेले. एका कोपऱ्यात त्याने सकाळीच घरून आणलेली पाठीची खुर्ची ठेवली होती, त्यांच्या जेवणाच्या टेबलाची. दाराला लाल फीत होती, आणि क्लबचे बरेच सभासद छातीवर बिल्ला लावून ओळीत उभे होते. "वहिनी?" अध्यक्ष म्हणाले. हा प्रश्न विचारताना त्यांनी रस्त्याकडे पाहिलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ते त्याच्या बुटांकडे पाहत होते.

"येणार नाही," तो म्हणाला. "ती वेगळी राहते. तुम्हाला माहीत आहे."

आवाज मोठा नव्हता, पण ओळीच्या टोकापर्यंत गेला. कोणी अरेरे म्हणालं नाही. कोणी दचकल्याचं सोंग केलं नाही. केलं असतं तर सोपं गेलं असतं. डॉक्टरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. अध्यक्षांनी कात्री या हातातून त्या हातात घेतली. शेवटी तेच म्हणाले, "मग... कापू या?" "कापू या," तो म्हणाला. फीत गुळगुळीत होती. कात्रीच्या पात्यांमध्ये ती नुसती दुमडली, कापली गेली नाही. त्याने दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. भोंग्यांनी पुढे होऊन फीत दोन्ही बाजूंनी ताणून धरली तेव्हा कुठे ती तुटली. टाळ्या वाजल्या, अगदी हलक्या, घरात कोणी झोपलेलं असताना वाजवाव्यात तशा. त्याला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर काहीतरी होईल, निदान लाज तरी वाटेल. रंगाच्या वासाने डोकं जरा दुखत होतं, तेवढंच.

दुपारी घराची बेल वाजली. दारात अध्यक्ष आणि भोंगा उभे होते, अध्यक्षांच्या हातात पावाचा पुडा आणि एक डबा. इतक्या वर्षांत हे दोघे त्याच्याकडे कधी बायकांशिवाय आले नव्हते, आणि आता बायकांशिवाय कुठे बसायचं हेही त्यांना उमगत नव्हतं. भोंगा कॉटच्या कडेवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, मैदानाबाहेर राखीव खेळाडू बसतो तसे. अध्यक्षांनी घरभर नजर फिरवली. खिडक्यांना जुनेच पडदे होते, तिकडे पाहून त्यांनी घाईने मान वळवली. "दाराची बिजागरी गेलीय तुमच्या," ते म्हणाले. "हो," तो म्हणाला. "आणून देतो एक." "हो." मग "मी चहा टाकतो," म्हणून अध्यक्ष आत गेले, आणि परक्या स्वयंपाकघरात कपाटं उघडल्या-मिटल्याचे, डबे पालथे घातल्याचे आवाज येऊ लागले. मध्येच "साखर कुठाय हो?" अशी हाक आली. त्यालाही पटकन सांगता आलं नाही. दोन महिने तो बिनसाखरेचा चहा पीत होता.

"तुमचं काय?" भोंगा म्हणाले.

"कसलं?"

"तुमचं. तुम्ही कसे आहात?"

मजेत, हा शब्द त्याच्या जिभेवर आलाच होता. तो तिथेच राहिला. समोर सत्तरीचा एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, डोळे थोडे पाणावलेले, बहुधा वयामुळे, आणि त्याला उत्तराची घाई नव्हती. "मला काही वाटत नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू आला. "दोन महिने झाले. राग येत नाही, रडू येत नाही. भूक लागते. झोप लागते. कालही तिच्यासमोर बसलो होतो, तर मी कोटाच्या बटणाची भोकं मोजत होतो. हे बरं नाही ना?"

"नाही," भोंगा म्हणाले.

अध्यक्ष तीन कप घेऊन दारात उभे होते. आत यावं की परत जावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि एका बाजूला कललेल्या कपातून चहा त्यांच्या बोटांवर सांडत होता, तो त्यांना जाणवलेला दिसत नव्हता. "या ना," तो म्हणाला. अध्यक्षांनी कप खाली ठेवले. त्या खोलीत बसायला आणखी काही नव्हतं म्हणून ते भिंतीला टेकून खालीच बसले, गुडघे मोडताना जरा कण्हले, आणि ओलं धोतर झटकावं तशी बोटं झटकून म्हणाले, "सांगा."

कुठून सांगायचं हे त्याला कळेना, म्हणून त्याने मधूनच, त्या ठिबकणाऱ्या नळापासून सुरुवात केली.